मेन कॉक गळायलाय आणि पाईप शिशाचा: पाना हातात घ्यायच्या आधीची तयारी

जुन्या घरातला मेन कॉक, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करायचा कॉक, गळायला लागला की आपण लगेच प्लंबरला फोन लावतो, तो येतो, पाईप पाना अडकवतो आणि जोर लावतो. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाईप असेल तर ते खपून जातं, पण शिशाचा निघाला तर तोच जोर अख्ख्या लाईनीला महागात पडतो. म्हणून प्लंबर यायच्या आधी घरच्यांनी काय काय करून ठेवायचं ते लिहितोय, बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणीकडं जुन्या वाड्यात नाहीतर कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात राहणाऱ्यांनी तरी नीट वाचा.

पहिलं काम म्हणजे पाईप कशाचा आहे ते बघणं. आपल्याकडं जुन्या लायनी बहुतेक जीआयच्याच, पण रस्त्याकडून आत येणारा एखादा तुकडा शिशाचा असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कोरडं खरडू नका, त्याची धूळ नाकातोंडात जाते. मग चुंबक लावा, चिकटला तर लोखंड. नाही चिकटला आणि रंग मळकट राखाडी असला तर नाण्याच्या कडेनं हलकी रेघ ओढा, शिसं इतकं मऊ की नाणं आत रुततं आणि लख्ख चकचकीत रेघ उमटते. पितळी कॉकाला जिथं तो जोडलाय तिथं आटे दिसणार नाहीत, डाग देऊन केलेली गाठ दिसेल, मधे कांद्यासारखी फुगीर आणि दोन्हीकडं निमुळती. ती गाठ दिसली की हात साबणानं धुवा आणि पुढचं सगळं शांत डोक्यानं करा.

आता गळतंय नेमकं कुठून? कॉक पूर्ण कोरडा पुसा आणि टिश्यू पेपरचा तुकडा एकेका जागी टेकवत जा, खाली टपकतंय तिथंच गळती असते असं नाही, पाणी ओघळत येतं. दांडीपाशी कागद भिजला तर सुटलात, कारण हे काम पाईपाला धक्का न लावता होतं. दांडीभोवतीचा जो छोटा नट असतो तो ग्लँड नट, तो अगदी थोडा, एक अष्टमांश फेरा आवळायचा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या पान्यानं कॉकाचं अंग घट्ट धरून ठेवायचं. एकाच पान्यानं आवळलं तर सगळा पीळ त्या मऊ पाईपावर जातो आणि डागाची गाठ उकलते. खाली लाकडाचा ठोकळा किंवा विटेचा टेकू आधीच लावून ठेवा. तरीही थांबलं नाही तर ग्लँडमधली दोरी बदलायची, जुनी दोरी काढताना पाणी शिंपडून ओली करा, फार जुन्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

कागद गाठीपाशी किंवा पाईपावरच भिजला तर मात्र हात लावू नका. ब्लो लॅम्प लावून पुन्हा डाग देतो असं कुणी मिस्त्री म्हणाला तर नको म्हणा, शिसं 327 अंशांना वितळतं, तापवताना निघणारा धूर विषारी आणि कॉक ज्या बंदिस्त खड्ड्यात असतो तिथून तो जातो कुठं. तो तुकडा अख्खा काढून फेरूलपासून, म्हणजे रस्त्यातल्या मोठ्या लाईनीला आपला पाईप जिथं जोडलाय तिथून, नवी लाईन घेणं हाच खरा इलाज, त्यासाठी रस्ता खणायला आणि फेरूल बंद करायला पाण्याच्या ऑफिसात अर्ज लागतो, तो आधी देऊन ठेवा. अर्धाच पाईप बदलू नका की, शिसं आणि पितळ किंवा तांबं एकमेकांना भिडलं की शिसं उलट जास्त झिजतं. नवा पाईप पीव्हीसीचा घेणार असाल तर आयएसआय मार्क आणि लेड फ्री बघून घ्या.

दिवस कुठला निवडायचा? राकसकोप धरणाचं येवो की हिडकल धरणाचं, पाणी येऊन गेल्यावर पुढच्या पाळीपर्यंत लाईनीत दाब नसतो, तोच वेळ. वॉल्वमन मामांना विचारून ठेवा, अचानक सोडलं तर घोळ होईल. टाकीकडून उलटं पाणी येऊ नये म्हणून वरचा व्हॉल्व बंद, सगळ्यात खालचा नळ उघडा, मोटर बंद. जुन्या घरात विजेचं अर्थिंग पाण्याच्या पाईपाला जोडलेलं असू शकतं, तेव्हा मेन स्विच बंद करून टेस्टर लावून बघितल्याशिवाय पाईप सोडवू नका.

सामान फार नाही, दोन स्क्रू पाने, टेफ्लॉन टेप, ग्लँडची दोरी, बादली, टॉर्च, रबरी हातमोजे. सफेदा आणू नका, जुना सफेदा म्हणजे शिशाचाच लेप, पिण्याच्या लाईनीला तो कशाला.

आणि पाणी. आदल्या दिवशीच पिण्याचं आणि स्वैपाकाचं स्टीलच्या भांड्यांत भरून ठेवा, किमान तीन-चार दिवस पुरेल एवढं, लहान पोरं किंवा गरोदर बाई घरात असेल तर दुसरीकडून आणा. कॉक हलला की पाईपाच्या आतला जुना थर सुटतो आणि शिसं पाण्यात उतरतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं, यूव्ही फिल्टरनं पण जात नाही, आरओनं बरंच कमी होतं. काम झाल्यावर नळाच्या जाळ्या काढून धुवा आणि गार पाणी बराच वेळ सोडा. आपल्याकडं तर पाणी पाईपात दिवसेंदिवस साचून राहतं, त्यामुळं दर पाळीला गढूळ पाणी सोडून देताना थोडं जास्तच सोडा, ते संडासाला, अंगण धुवायला वापरा, पोरांच्या बाटलीत नको. नंतर पाण्याची लॅबमध्ये तपासणी करून घ्या, नुसतं पिण्यायोग्य आहे का विचारू नका, शिसं तपासा म्हणून सांगा. आपल्या देशाच्या मानकात मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. नमुना रात्रभर नळ न उघडता सकाळच्या पहिल्या धारेचा घ्या, आणि काढलेला शिशाचा तुकडा गोट्या-वजनं करायला पोरांच्या हाती न देता थेट भंगारवाल्याकडं पोचवा.