छोट्या विमानाच्या इंजिनचं ऑइल प्रेशर बिघडलं तर काय, कोणत्या क्रमाने तपासावं

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरून प्रशिक्षणाची छोटी विमानं उडू लागल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं या क्षेत्राकडे वळू लागली आहेत. कुणी पायलट व्हायला, कुणी देखभालीचं काम शिकायला. ज्यांच्या घरचं कुणी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, त्यांना पंप, प्रेशर, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) हे शब्द नवे नाहीत. पण हायड्रॉलिक पॉवर पॅकचं प्रेशर पडलं की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळायचा, ही सवय विमानाच्या इंजिनपाशी नेऊ नका. तिथे त्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तीही परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) हातून. प्रेशर गेजचा काटा हिरव्या, म्हणजे योग्य प्रेशरच्या पट्ट्यात आणणं सोपं आहे. पण बेअरिंग झिजलं असेल तर ती झीज तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते.

खालची उदाहरणं सेसना १५२ आणि १७२ वरच्या लायकमिंग इंजिनांची आहेत. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्याच हँडबुकातून घ्या.

हवेत असताना

प्रेशरचा काटा खाली आलेला दिसला की लगेच शेजारचा ऑइल टेंपरेचरचा काटा बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. प्रेशर कमी पण तापमान नेहमीसारखं असेल, तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्हचा दोष असण्याची शक्यता आहे. तरीही पुढचा प्रवास सोडा. सांबरा, कोल्हापूर, हुबळी यांतलं जे जवळ असेल तिथे उतरा आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा उडू नका.

प्रेशर पूर्ण गेलं आणि तापमान चढायला लागलं, तर इंजिन कधीही बंद पडेल असं धरून चाला. पॉवर लगेच कमी करा, उतरण्याजोगी जागा निवडा आणि तिथवर पोचायला लागेल तेवढीच पॉवर वापरा. आपल्या भागात उभा ऊस आणि चिखलणी झालेलं भातशेत टाळून मोकळं माळरान शोधावं. गेजवर टिचक्या मारत बसू नका.

जमिनीवर: आधी साध्या गोष्टी

इंजिन सुरू केल्यावर ३० सेकंदांत प्रेशरचा काटा हलायला लागला पाहिजे. कडाक्याच्या थंडीत याच्या दुप्पट वेळ चालतो, पण बेळगावच्या हिवाळ्यात ही सवलत धरू नये. काटा हललाच नाही तर इंजिन बंद करा.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर ऑइल खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरेपर्यंत थांबा, नाहीतर पातळी कमी दिसेल. १७२एस च्या संपमध्ये ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) ऑइल मावतं आणि ५ क्वार्टच्या खाली उडायचं नाही. १५२ साठी हेच आकडे ६ आणि ४ आहेत. पातळी कमी असेल तर वळणात किंवा नाक वर-खाली होताना पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि काटा नाचतो. भर घालून गप्प बसू नका, ऑइल गेलं कुठे ते शोधा. विमानाच्या पोटाखाली हात फिरवा, ड्रेन व्हॉल्व्ह नीट बसलाय का बघा, फिल्टरच्या सीलखाली आणि कूलरच्या नळ्यांवर ओल आहे का ते टॉर्च लावून बघा.

कोणत्या ग्रेडचं ऑइल भरलंय तेही नोंदवहीत बघा. विमानाच्या ऑइलवरचा १०० हा आकडा म्हणजे एसएई ५०, आणि ८० म्हणजे एसएई ४०. मोटारसायकलच्या हिशेबाने गेलात तर घोटाळा होतो. एप्रिलच्या दुपारी पातळ ऑइल आणखी पातळ होऊन प्रेशर पाडतं. सकाळी गार ऑइल उलट प्रेशर वर नेतं. ते ऊब येताच उतरत असेल तर काळजी नाही, पण तोवर आरपीएम वाढवू नका. गरम झाल्यावरही प्रेशर वरच राहिलं, तर रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा गेज खोटं बोलत असेल.

गेज खरं बोलतंय का

कामगारही बरेचदा हीच पायरी गाळतात. इंजिनच्या प्रेशर पोर्टवर तपासून घेतलेलं मेकॅनिकल गेज थेट जोडा आणि दोन्हींचं वाचन ताडून बघा. फरक निघाला तर दोष सेंडर (प्रेशर मोजून गेजला कळवणारा भाग), त्याचं अर्थिंग, वायर किंवा गेजच्या बारीक नळीत आहे. दोन्ही सारखीच निघाली, तर आता इंजिनकडे वळायचं.

कधी पडतं, यावरून काय कळतं

पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या फटींतून ते सहज निसटू शकत नाही म्हणून प्रेशर उभं राहतं. फटी वाढल्या की ऑइल सुटतं, आणि ते आधी जाणवतं गरम इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) असताना, कारण तेव्हा पंप हळू फिरत असतो. क्रूझला, म्हणजे सरळ स्थिर उड्डाणात, पंप गरजेपेक्षा जास्त ऑइल देतो आणि जादा ऑइल रिलीफ व्हॉल्व्ह परत सोडतो, म्हणून तिथे झीज लपते. क्रूझचं प्रेशर ठीक, पण गरम आयडलचं दर महिन्याला थोडं थोडं घसरतंय, ही खूण मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. १७२एस वर हिरवा पट्टा ५० ते ९० पीएसआयचा आणि खालची लाल रेघ २० ची. रेघ गाठेपर्यंत वाट बघायची नसते.

प्रेशर एकाएकी पडलं किंवा हेलकावे खाऊ लागलं, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बघायला हवा. आत एक गोळी, मागे स्प्रिंग. गोळी आणि तिच्या बैठकीमध्ये मोहरीएवढा कार्बनचा कण अडकला तरी ऑइल तिथून सतत परत जात राहतं. एएमई गोळीवर झिजेचं कडं उमटलंय का, बैठकीचा काठ खरवडलाय का आणि स्प्रिंग मापात आहे का हे बघतात.

फिल्टर कापून बघा

संपमधली सक्शन जाळी आणि फिल्टर दोन्ही बघायचे. फिल्टर हॅक्सॉने कापू नये, त्याचाच कीस आत पडतो; कटर वापरावा. कागदाच्या घड्या उलगडून, पिळून, चांगल्या उजेडात बघा. बोटांत चुरडलं तर कार्बन. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा गिअरकडे संशय जातो. चिकटत नाही पण चमकतं, तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा बेअरिंगचा थर. धातू सापडला की कण जपून ठेवा आणि निर्णय एएमईवर सोडा. फुल-फ्लो फिल्टर (सगळं ऑइल ज्यातून गाळलं जातं तो) असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी ऑइल बदलायचं, आणि तास भरले नसले तरी ४ महिन्यांनी.

ही ४ महिन्यांची अट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. जून ते सप्टेंबर पाऊस आणि ढग असे असतात की विमान दिवसेंदिवस उभं राहतं. आतली वाफ कॅमवर बसते, गंज धरतो, आणि पुढे तोच कीस ऑइलमधून सगळीकडे फिरतो. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून ही ओल जात नाही, उलट वाढते. ऑइल साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं आणि काही वेळ तसंच राहिलं तरच पाणी उडून जातं, आणि त्यासाठी उड्डाणच लागतं. जास्त दिवस उभं ठेवायचं असेल, तर लायकमिंगने सांगितलेल्या पद्धतीने प्रिझर्व्हेटिव्ह (गंज रोखणारं) ऑइल भरून ठेवावं. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं, तर ते बदलूनच पुढचं उड्डाण करावं, आणि प्रत्येक उड्डाणानंतर गरम आयडलचं व क्रूझचं प्रेशर, त्या वेळच्या ऑइल तापमानासह, नोंदवहीत लिहून ठेवावं.