मृगाआधी गुंठाभर भाजीची तयारी

बी-बियाणं, खत सगळं नंतर, आधी पाणी कुठं तुंबतं ते बघा. वळवाचा पाऊस आला की छत्री घेऊन सरळ वावरात उभं राहायचं, पाणी जिथं साचतंय तिथून चर काढायचा आणि मग 15 सेंटीमीटर उंचीचे गादीवाफे करायचे, रुंदी मीटरभरच ठेवा म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, तसंच टाकलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच म्हणून समजा. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, म्हणून बॅटरी आणि जुनी बादली आत्ताच काढून ठेवा.

बी शक्यतो गावरान घ्या, हायब्रीडचं पुढच्या वर्षी धरता येत नाही. शेजारणीकडं गाडग्यात राखेत ठेवलेली चवळी, दोडका असेल तर मागून आणा, लाजू नका! कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाणं असंच सांभाळलं, त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून बघा, सात-आठ उगवल्या तर बी चांगलं.

जीवामृतासाठी, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खतासाठी, 200 लिटरचं पिंप आणू नका, ते माप एकराचं आहे. आपल्याला 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन शंभर-शंभर ग्रॅम आणि बांधावरची मूठभर माती बास झाली, दोन दिवस सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं.

किडीवर फवारायला निंबोळ्या मात्र आत्ताच गोळा करा, नंतर पावसात सडतात. सावलीत वाळवून ठेवायच्या, लागतील तेव्हा अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून 10 लिटर करायचं, थोडा साबण घालायचा आणि उघडीप बघून संध्याकाळीच फवारायचं कारण उन्हात त्याचा जोर जातो.

दोडक्या-कारल्याचा मांडव पेरणीआधीच उभा करा, नंतर चिखलात बांबू रोवायचा म्हणजे वैताग आहे नुसता. फळमाशीचे कामगंध सापळे (वासानं नर माशी ओढून पकडणारे) आणि कडेला लावायला झेंडूची रोपं, एवढंच विकत आणायचं. आणि हो, भाजी घेणार कोण ते आधी चार घरी विचारून घ्या, नाहीतर सगळी भेंडी एकदमच निघते.