शाळेत जातीवरून भेदभाव झाला तर तक्रार कशी करावी: सीमाभागातील पालकांसाठी

सीमाभागात शाळेबद्दलची कोणतीही तक्रार बघता बघता सीमाप्रश्नाची होऊन जाते. मराठी शाळांना शिक्षक मिळत नाहीत, सरकारी कागद कन्नडमध्येच येतात, या अडचणी खऱ्याच आहेत. पण त्याच शाळेत एखाद्या दलित मुलाला पंगतीत वेगळे बसवले जात असेल, तर ‘आपलीच शाळा आहे, बाहेर बोभाटा नको’ असे सांगून त्याच्या आईवडिलांना गप्प केले जाते. म्हणून भाषेची तक्रार आणि जातीची तक्रार एका अर्जात कधीही घालू नये. तसे केल्यास भाषेच्या मुद्द्यावर उत्तर येते आणि जातीचा मुद्दा फायलीतच राहतो.

अर्जाआधी वही करावी. ‘मुलाला हीन वागणूक मिळते’ एवढ्या वाक्यावर कोणीही चौकशी करत नाही. तारीख, तास, शिक्षक, हजर असलेली मुले आणि बोललेले शब्द, शिवी असली तरी जसेच्या तसे, त्याच दिवशी लिहून ठेवावेत. रोजच्या रिवाजात मुरलेला भेदभाव पकडणे अधिक कठीण असते: भर वर्गात ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ म्हणून ठरावीक मुलांना उभे करणे, अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतील दुपारच्या मोफत, जेवणानंतर भांडी त्यांच्याकडेच देणे, पाण्याच्या पिंपाला त्यांना हात लावू न देणे, शौचालय झाडायला त्यांनाच पाठवणे. ‘कामाची पाळी सगळ्यांनाच असते’ हे शाळेचे ठरलेले उत्तर असते. त्यामुळे कोणत्या दिवशी कोणाला पाठवले, त्यांची नावे ओळीने टिपावीत. ही बाब किरकोळ समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये कोलार जिल्ह्यातील एका निवासी शाळेत विद्यार्थ्यांना शौचालयाच्या टाकीत उतरवल्याचे उघड झाले, तेव्हा मुख्याध्यापकांना अटक झाली होती.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा, त्याची प्रत एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, अध्यक्षांना द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारल्यास तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवावा. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, म्हणजे बीईओ, यांच्याकडे जावे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि कलम ३२ खालील लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो. अर्जात या दोन्ही कलमांचा उल्लेख ठळकपणे करावा. निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. बीईओंच्या वर शिक्षण उपसंचालक, म्हणजे डीडीपीआय, असतात, आणि येथे एक घोळ नेहमी होतो: शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव जिल्ह्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन भाग आहेत, त्यामुळे खानापूरचा अर्ज बेळगावला जातो, तर निपाणीचा चिकोडीला.

अर्ज मराठीत चालतो का, असे बरेच जण विचारतात. चालतो. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. तरीही कन्नड भाषांतर सोबत जोडावे, कारण अर्ज भाषेवरून अडवून ठेवण्याची सबब कारकुनाच्या हाती देण्यात काही शहाणपण नाही.

खासगी संस्थेच्या शाळेबाबत मात्र आधी एक गोष्ट तपासावी लागते. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना, अनुदानित असल्या तरी, शिक्षणहक्क कायद्यातून वगळले, आणि भाषिक अल्पसंख्याक दर्जा मिळालेल्या मराठी संस्थेलाही ते लागू पडते. मराठीच्या रक्षणासाठी मिळालेला दर्जा मराठी मुलाच्याच तक्रारीआड येतो, हे बोचरे असले तरी वस्तुस्थिती आहे. अशा वेळी संस्था अनुदान घेत असेल तर राज्यघटनेच्या कलम २९(२) चा आधार घ्यावा: धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून अशा संस्थेला कोणाचाही प्रवेश नाकारता येत नाही. जातिवाचक शिवीगाळ किंवा अपमान झाला असेल, तर संस्थेचा दर्जा कोणताही असो, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. मूल अनुसूचित जाती-जमातीचे असावे, आरोपी त्या प्रवर्गाबाहेरचा असावा आणि अपमान लोकांदेखत झालेला असावा, या अटी पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी पडताळाव्यात. एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे या कायद्यातच २०१८ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. ठाण्यात ‘आधी चौकशी करतो’ असे उत्तर मिळाल्यास कलम १८-अ दाखवावे.

अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कर्नाटकात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून ‘अमुक तारखेच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची टिपणी व पत्रव्यवहार यांच्या प्रती’ एवढेच मागावे आणि बाकीची हकिकत त्यात आणू नये.

तक्रार पुढे सरकली की शाळेकडून बहुधा ‘दाखला घेऊन जा’ असा निरोप येतो. तोंडी निरोपावर दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नये. तशी सूचना लेखी मागावी, ती सहसा मिळत नाही. शिक्षणहक्क कायदा लागू असलेल्या शाळेतून आठवीपर्यंतच्या मुलाला कलम १६ नुसार काढून टाकता येत नाही. नववी-दहावीच्या मुलाला हे संरक्षण नसल्याने त्याच्या बाबतीत दाखल्याची भाषा सुरू होताच त्याच दिवशी डीडीपीआय कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याला आधीच्या सर्व पोचपावत्यांच्या प्रती जोडाव्यात.