कनेक्टेड कार घेऊन नेपाळ-भूतानला जाताना: सीमेपलीकडे काय चालतं, काय बंद पडतं

सीमेवरच्या सोनौलीची कमान ओलांडून गाडी नेपाळमधल्या बेलहियात शिरली की काही वेळात कार कंपनीच्या ॲपमधलं गाडीचं ठिकाण जागच्या जागी थांबतं. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर मात्र गाडीचा बाण व्यवस्थित पुढे सरकत असतो. 'जीपीएस बिघडलं' म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याआधी एवढं लक्षात घ्या की जीपीएस ठणठणीत आहे, फक्त गाडीचं सिम देशाबाहेर गेलंय.

जीपीएसचा रिसीव्हर उपग्रहांकडून येणारे संदेश नुसते ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. त्याला सिम लागत नाही, डेटाही लागत नाही. ॲपपर्यंत गाडीची खबर पोचवतं ते टेलिमॅटिक्स युनिट, आणि त्यात भारतीय मोबाइल कंपनीचं ई-सिम बसवलेलं असतं. 2019 मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्यापासून ही सोय आपल्याकडे सर्रास झाली. हे सिम यंत्रांसाठीचं, 13 आकडी क्रमांकाचं असतं आणि दूरसंचार विभागाच्या नियमांमुळे ते ठरावीक सर्व्हरशी आणि ठरावीक क्रमांकांशीच बोलतं. परदेशातलं रोमिंग त्यावर सहसा चालू नसतं. आपल्या फोनसारखा त्यावर पॅक मारता येत नाही, कारण त्याचा करार कार कंपनी आणि मोबाइल कंपनी यांच्यात झालेला असतो.

म्हणून ॲपमधली प्रत्येक सोय कुठल्या वाटेने चालते, हे आधी पाहायचं. सिमच्या वाटेने चालणाऱ्या सगळ्या सोयी सीमेपलीकडे बंद पडतात: ॲपवरून गाडी शोधणं, दरवाजे उघडणं-लावणं, इंजिन किंवा एसी दुरून चालू करणं, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेल्यास येणारा इशारा, चोरी झाल्यास गाडीचा माग काढणं आणि इंजिन बंद पाडणं, एसओएस बटण, लाइव्ह ट्रॅफिक. ब्लूटूथ किंवा एनएफसीवर (फोन अगदी जवळ नेल्यावर जुळणारी जोडणी) चालणारी डिजिटल चावी फोन आणि गाडी यांच्यातच बोलते, म्हणून ती चालू राहायला हवी. तरी तिच्या एकटीच्या भरवशावर जाऊ नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी

कंपनीच्या हेल्पलाइनला नेमकं विचारा. 'नेपाळमध्ये कनेक्टेड सेवा चालेल का?' एवढंच विचारलं तर गोल उत्तर मिळतं. 'माझ्या मॉडेलच्या ई-सिमला नेपाळचं रोमिंग आहे का, आणि गाडीतल्या नकाशात नेपाळचा डेटा आहे का?' असे दोन वेगळे प्रश्न करा आणि उत्तर ईमेलवर मागा. त्याच फोनमध्ये रोडसाइड असिस्टन्सची हद्दही विचारून घ्या. बहुतेक योजना भारतापुरत्याच असतात.

आणखी एक मागायचं, जे कोणी मागत नाही: +91 लावून लागणारा साधा क्रमांक. हेल्पलाइनचे 1800 वाले टोल-फ्री क्रमांक परदेशी सिमवरून लागत नाहीत, आणि पोखऱ्याच्या वाटेवर गाडी लॉक होऊन बसल्यावर तो क्रमांक कुठून आणणार? फोनमधले घरचे, मेकॅनिकचे, विमा कंपनीचे क्रमांकही +91 सकट सेव्ह करा.

ॲपची वर्गणी कधी संपते ते पाहा. नव्या गाडीसोबत मिळालेला मोफत काळ प्रवासात संपला, तर परत आल्यावरही ॲप मुकंच राहील आणि दोष सीमेला जाईल. सॉफ्टवेअर अपडेट आलं असेल तर ते आताच उरका. अर्धवट उतरलेलं अपडेट घेऊन बाहेर जाऊ नये.

गाडीतल्या नकाशात नेपाळ-भूतान आहे की नाही, हे घरीच कळतं. नेव्हिगेशनमध्ये 'काठमांडू' किंवा 'थिम्फू' टाका आणि मार्ग आखायला सांगा. मार्ग सीमेवर तुटला किंवा गाव सापडलंच नाही, तर पलीकडे रिकाम्या पडद्यावर नुसता बाण फिरेल. अशा वेळी फोनवरचे ऑफलाइन नकाशे हाच मुख्य आधार.

गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि चौकट ओढून भाग निवडा. चौकटीला आकाराची मर्यादा असते, त्यामुळे अख्खा नेपाळ एकात बसवण्यापेक्षा दोन-तीन तुकडे करा. तुकडे एकमेकांवर थोडे चढू द्या, म्हणजे मधल्या गावाला फट राहणार नाही. भारताच्या बाजूचा शेवटचा पट्टाही उतरवा: सोनौलीने जाणार असाल तर गोरखपूरपासून, भूतानला जाणार असाल तर सिलिगुडीपासून. उतरवलेल्या नकाशाची मुदत संपते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा अपडेट करा. ऑफलाइनमध्ये गाडीचा रस्ता मिळतो, पण ट्रॅफिक मिळत नाही आणि पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झालाय हेही कळत नाही. जोडीला ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर चालणारं एखादं ॲप, ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड, असू द्या. डोंगरातल्या लहान रस्त्यांना दोन नकाशे असलेले बरे.

मग चाचणी. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेला (फोनवरची ॲप गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) जोडा आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या ठिकाणाचा मार्ग मागा. विमान मोड लावू नका, त्याने वायरलेस जोडणीही तुटू शकते. केबलने जोडूनही करून पाहा, आणि प्रवासात केबलच वापरा. वायरलेस अँड्रॉइड ऑटोवर फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.

मुक्कामाच्या जागा अक्षांश-रेखांशासह कागदावर लिहून घ्या. इथे एक नेहमीची फसगत होते. थिम्फूचा अक्षांश दशांशात 27.47 आहे. गाडीचा नेव्हिगेटर अंश-मिनिटांवर लावलेला असेल आणि तुम्ही 27 अंश 47 मिनिटं असं टाकलं, तर ते दशांशात 27.78 होतं. फरक 0.31 अंशाचा. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, तेव्हा तुम्ही जवळपास 35 किलोमीटर उत्तरेला डोंगरात जाऊन पोचाल. आकडे टाकण्याआधी सेटिंगमधली पद्धत पाहा.

चावी

ॲपने गाडी उघडायची सवय लागलेल्यांना हा भाग फालतू वाटेल, पण सर्वाधिक अडचण इथेच येते. चावी आत राहून दरवाजे लागले, तर मुंबई-पुण्यात ॲपवरून गाडी उघडता येते. नेपाळच्या चितवनमध्ये नाही उघडणार. दोन्ही चाव्या घ्या आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. एकाच बॅगेत दोन्ही ठेवल्या तर दुसरी नेण्याला अर्थ नाही. रिमोटमधली बटण-बॅटरी बदलून घ्या. बऱ्याच गाड्यांत सीआर2032 असते, आपली कोणती ते मॅन्युअलमध्ये पाहा आणि एक जादा ठेवा. रिमोटच्या पोटात दडवलेली धातूची चावी कशी निघते आणि दाराच्या हँडलवर तिचं भोक कुठे आहे, हे घरीच बघून ठेवा. काही गाड्यांत त्यावर प्लास्टिकचं झाकण असतं आणि ते नेमक्या बाजूने उचकटावं लागतं.

सीमेवर

नेपाळच्या वाटेवर गोरखपूरला किंवा भूतानच्या वाटेवर हासिमाऱ्याला चांगल्या रेंजमध्ये थांबा. ॲपमध्ये लॉगिन आहे ना, ते पाहा. लॉगआउट झालात तर ओटीपी भारतीय क्रमांकावर येणार, आणि रोमिंग नसेल तर तो पलीकडे मिळणार नाही. हद्दीचे आणि चोरीचे इशारे घरच्या कोणाच्या फोनवर जात असतील, तर त्यांना आधीच सांगा की गाडी अमुक तारखेपासून ॲपवर दिसणार नाही. नाहीतर सोनौलीत अडकलेला ठिपका पाहून घरचे रात्रभर जागतील.

सीमेजवळ फोन पलीकडच्या टॉवरला चिकटतात. भूतान सीमेवरच्या भारतीय जयगावात उभे असताना फोन भूतानचं नेटवर्क पकडू शकतो आणि रोमिंगचे पैसे लागतात. उलट पलीकडच्या, भूतानमधल्या फुंत्शोलिंगमध्ये भारतीय रेंज मिळते, त्यामुळे गाडीचं ॲपही थोडा वेळ चालतं आणि 'अरे, चालतंय की!' असा गैरसमज होतो. पुढे डोंगर चढू लागलं की संपलं. सीमेच्या पट्ट्यात फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडा.

टॉवर बदलला की फोनचं घड्याळही बदलतं. नेपाळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे, भूतान 30 मिनिटं. गाडीतलं घड्याळ मात्र बरेचदा भारतीय वेळच दाखवत राहतं, कारण त्यातला टाइम झोन आपणच बदलावा लागतो. भन्सारची, म्हणजे नेपाळी कस्टम्सची मुदत आणि परमिटच्या वेळा स्थानिक घड्याळाने मोजल्या जातात.

पलीकडे

दोन सिमची मांडणी सर्वांत सोयीची. पहिल्या खोबणीत भारतीय सिम, एसएमएससाठी रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद. दुसरीत स्थानिक सिम: नेपाळमध्ये नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेल, भूतानमध्ये बी-मोबाइल किंवा ताशीसेल. ओळखपत्राची प्रत आणि पासपोर्ट आकाराचा फोटो सोबत ठेवा. एका सिमची रेंज गेल्यावर डेटा आपोआप दुसऱ्यावर नेणारी सेटिंग फोनमध्ये असते. ती बंद करायला विसरू नका, नाहीतर घाटात रेंज गेली की फोन भारतीय सिमचा डेटा खाऊ शकतो.

गाडीच्या पडद्याला वाय-फाय असेल तर फोनचा हॉटस्पॉट जोडता येतो. त्यावर गाणी, हवामान, कधी ऑनलाइन नकाशाही चालेल. पण दार उघडणं किंवा एसओएस त्याने परत येत नाही, कारण ते टेलिमॅटिक्स युनिटातून जातं आणि त्या युनिटाला तुमच्या हॉटस्पॉटशी देणंघेणं नसतं.

गाडीऐवजी फोनचं ठिकाण घरच्यांना पाठवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त 8 तास चालतं, म्हणून दुपारी पुन्हा चालू करावं लागतं. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बंद करेपर्यंत चालतं, तेव्हा लांबच्या प्रवासाला तेच बरं.

नारायणघाट ते मुगलिन हा त्रिशूलीच्या काठचा रस्ता दरीतून जातो. तिथे आकाशाची पट्टीच दिसते, उपग्रह कमी मिळतात आणि कड्यांवर आपटून आलेले संदेश ठिकाण हलवतात. बाण नदीत किंवा पलीकडच्या काठावर दिसू शकतो. नकाशा 'यू-टर्न घ्या' म्हणाला तरी रस्ता सोडू नका, दरी रुंदावली की तो सावरतो.

एसओएस बटण दाबून काही होणार नाही असंच धरून चाला, आणि हे क्रमांक डॅशबोर्डवर चिकटवा. नेपाळ: पोलीस 100, अग्निशमन 101, रुग्णवाहिका 102, वाहतूक पोलीस 103. भूतान: अग्निशमन 110, रुग्णवाहिका 112, पोलीस 113. टॅक्सी-परमिटच्या गाडीतलं एआयएस-140 यंत्र, म्हणजे गाडीचं ठिकाण कळवणारं सक्तीचं यंत्र, आणि त्याचं पॅनिक बटणही भारतातल्या नियंत्रण कक्षाशी जोडलेलं असतं, तेव्हा तिथेही हाच हिशेब. यावर उपाय म्हणून परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर (थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) मागवू नका. विनापरवाना असं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे.

चोरीचा माग बंद असल्यामुळे विम्याला जास्त महत्त्व येतं. भारतीय मोटार विमा मुळात भारतापुरता असतो. 'भौगोलिक क्षेत्र वाढ' हे कलम जादा हप्ता देऊन घेता येतं आणि त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका हे देश येतात. पॉलिसीवर देशाचं नाव छापून आलंय ना, ते डोळ्यांनी पाहा. एजंटाच्या 'हो, कव्हर आहे' वर जाऊ नका. रात्री गाडी कुंपणाच्या आत लावा आणि स्टिअरिंग लॉक वापरा. तीन-चार दिवस गाडी जागेवरच राहणार असेल तर मधे एकदा फिरवून आणा. नेटवर्क न मिळालेलं युनिट ते शोधत राहिलं तर 12 व्होल्टच्या बॅटरीवर भार पडतो. जंपर केबल सोबत असावी.

परत आल्यावर

भारतीय हद्दीत मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून थोडं थांबा. युनिट नेटवर्कला जोडलं गेलं की ॲपमधलं ठिकाण बदलेल. नाही बदललं, तर गाडी बंद करून लॉक करा, चावी गाडीपासून लांब न्या आणि अर्धा तास हात लावू नका. युनिट झोपून पुन्हा जागं व्हायला एवढा वेळ सहसा पुरतो. फोनचं ॲप काढून पुन्हा टाकण्याचा उद्योग शेवटी करा. दिवसभर गाडी फिरवूनही जोडणी आली नाही, तर कंपनीला सांगून सिम पुन्हा सक्रिय करून घ्या.

काही गाड्या ऑफलाइन काळातला प्रवास साठवून नंतर वर पाठवतात, काहींच्या ट्रिप हिस्टरीत ते दिवस कोरे राहतात. किलोमीटरचा हिशेब कुणाला द्यायचा असेल, तर जाताना आणि येताना सीमेवर ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा.