नारळावर फवारणी करण्याआधी टोपीखाली बघा

नारळाच्या देठाकडच्या टोपीलगत फिकट त्रिकोणी चट्टा उठला, मग तो तपकिरी होऊन साल तडकू लागली, तर ते काम बहुधा इरिओफाइड कोळी या अगदी सूक्ष्म किडीचं. ही कीड 1998 साली केरळात नोंदली गेली आणि पुढे किनाऱ्याने आपल्या कोकणातल्या बागांतही आली.

औषध आणायला धावू नका. लिंबाएवढं गळलेलं किंवा तोडलेलं कोवळं फळ घ्या, टोपीच्या पाकळ्या अलगद सोला आणि भिंगातून पाहा. पांढुरके, सुईसारखे लांबट, जवळजवळ जागचे न हलणारे जीव म्हणजे कीड. त्यांच्यातच चपटे, थोडे मोठे, आठ पायांवर लगबगीने पळणारे दिसले तर आनंद माना. ते निओसियुलस जातीचे परभक्षी कोळी. अंगाने चपटे असल्याने ते टोपीखालच्या फटीत शिरतात आणि किडीला खातात. फवारा तिथवर सहसा पोचतच नाही.

असे मित्र दिसले की सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं बागेत अजिबात नकोत, आंब्यावरून उडून येणारी फवारणीसुद्धा सांभाळा. प्रादुर्भाव फारच वाढला तर कडुनिंबाचं तेल, लसूण आणि साबण यांचं 2 टक्के मिश्रण फक्त कोवळ्या घडांवर मारा.