एकाच टायमिंगवर बाटल्या कमी भरतात? टाकीत बॉलकॉक बसवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार-सहा नोझलच्या मशीनवर फिनेल, हँडवॉश भरणाऱ्यांची नेहमीची अडचण: सुरुवातीला बाटली गळ्यापर्यंत भरते, तासाभराने त्याच टायमिंगवर बोटभर कमी. टायमर बदलत बसू नका. वरच्या टाकीतली पातळी उतरली की दाब घटतो, तेवढ्याच सेकंदांत माल कमी उतरतो.

१. वरच्या टाकीत प्लास्टिकचा बॉलकॉक बसवा आणि त्याहून उंचावर ठेवलेल्या ड्रममधून पुरवठा द्या. घरच्या पाण्याच्या टाकीतला साधा बॉलकॉकही चालतो.

२. पातळी स्थिरावल्यावरच टायमर लावा.

३. प्रत्येक नोझलखालची एकेक बाटली वजनकाट्यावर तपासा, रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून. नुसत्या नजरेवर जाऊ नका. हँडवॉशचा फेस हमखास फसवतो. फेस जास्तच येत असेल तर नोझलला नळी लावून ती बाटलीच्या तळापर्यंत सोडा.

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हँडवॉश पातळ होऊन जास्त उतरतो, म्हणून दुपारी काट्यावर पुन्हा एकदा बघाच.

जपायचं एकच: ब्लीच भरलेल्या मशीनमध्ये ॲसिडचा टॉयलेट क्लीनर कधीही भरू नका. नळ्यांत थोडं उरलं तरी विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींसाठी मशीन वेगळंच ठेवा.