बेभरवशाच्या निवेदकाची किशोर कादंबरी वाचताय? या चुका टाळा

‘यंग अडल्ट’ म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्यांत गोष्ट सांगणारा ‘मी’ बहुधा पंधरा-सोळा-सतरा वर्षांचा असतो, आणि काही वेळा त्याचं म्हणणं जसंच्या तसं खरं धरून चालत नाही. असा ‘मी’ म्हणजे बेभरवशाचा निवेदक. अशी पुस्तकं अर्ध्यात टाकणारे किंवा शेवटाला पोचून ‘आपल्याला फसवलं’ म्हणून चिडणारे वाचक पुष्कळ भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांची अडचण वाचायला सुरुवात करतानाच झालेली असते.

सरसकट ‘खोटारडा’ म्हणणं

निवेदक बेभरवशाचा असतो तो नेहमी खोटं बोलतो म्हणून नव्हे. मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’मधला (२००३) पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर सांगतो, की मला खोटं बोलता येत नाही. ते खरंच आहे. पण मोठी माणसं त्याच्यासमोर जे बोलतात त्यातलं न बोललेलं त्याला कळत नाही, आणि वाचकाला कळतं. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन ज्यांनी वाचलाय त्यांना हे वेगळं समजावायला नको. मैत्रीण सुमीबद्दल स्वतःला काय वाटतं, ते लंपनला नीट सांगता येत नाही. वाचकाला मात्र लगेच उमगतं.

म्हणून आधी बघायचं ते हे: या मुलाला समजत नाही, आठवत नाही, की सांगायचं नाही? तिन्ही निवेदक वेगवेगळ्या तऱ्हेने वाचावे लागतात.

विचित्र वाक्यावरून घाईने पुढे जाणं

ई. लॉकहार्ट यांची ‘वी वेअर लायर्स’ (२०१४) घ्या. श्रीमंत सिंक्लेअर घराण्यातली केडन्स आपल्याला गोष्ट सांगते आहे. घराण्याचं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत स्वतःचं बेट आहे. पंधराव्या वर्षीच्या सुट्टीत तिला अपघात झाला आणि त्याची आठवण पुसली गेली. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला तिचे वडील घर सोडून निघतात. शेवटची बॅग गाडीत ठेवतात, इंजिन सुरू करतात, मग पिस्तूल काढून तिच्या छातीत गोळी घालतात. रक्त वाहतं. आणि आई काय म्हणते? स्वतःला सावर, नीट वाग.

इथे बरेच वाचक गोंधळतात आणि ‘असेल काहीतरी’ म्हणून पान उलटतात. खरं तर लेखिकेने हे पुस्तक कसं वाचायचं ते याच प्रसंगात सांगून ठेवलंय. गोळी झाडलेली नाही, दुःख मात्र तेवढंच आहे, आणि केडन्स दोहोंत फरक करून सांगणार नाही. कुठला भाग घडलेला आहे ते आईच्या प्रतिक्रियेवरून कळतं. मुलीच्या छातीतून रक्त वाहत असताना कुठली आई ‘नीट वाग’ म्हणेल?

ही खूण सगळीकडे उपयोगी पडते. निवेदकाच्या शब्दांइतकंच बाकीच्यांच्या वागण्याकडे लक्ष द्या. कोण मध्येच विषय बदलतं, कोण उत्तर टाळतं, कोण उगाचच जपून बोलतं, ते पेन्सिलीने समासात टिपून ठेवा. याच पुस्तकात मधेमधे राजा आणि त्याच्या तीन मुलींच्या परीकथा येतात. त्या भरताड वाटतात आणि सर्रास गाळल्या जातात. त्या अजिबात गाळू नका.

एक खोटं सापडलं की सगळंच खोटं मानणं

जस्टिन लार्बलेस्टियर यांच्या ‘लायर’मधली (२००९) मायका सुरुवातीलाच आपण खोटारडी असल्याचं कबूल करते आणि आता खरं सांगते म्हणते. मग आधी सांगितलेलं पुन्हापुन्हा दुरुस्त करते. तिचे वडील कृष्णवर्णीय, आई गोरी; तिचे केस आखूड. अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र लांब, सरळ केसांची गोरी मुलगी छापायचं ठरलं होतं. त्यामुळे प्रकाशनाआधीच प्रती मिळालेल्या काही वाचकांना ती आपल्या वर्णाबद्दलही खोटं बोलतेय असं वाटलं. लेखिकेने जाहीर नाराजी व्यक्त केली, गदारोळ झाला आणि मुखपृष्ठ बदललं. मला हा प्रकार फार गंभीर वाटतो, कारण मायका कोण आहे हीच त्या गोष्टीतली पक्की जमीन आहे. तीच काढून घेतली तर वाचकाला उभं राहायला जागा उरत नाही. काय खोटं आहे हे शोधताना काय कधीच बदलत नाही, त्याचीही यादी करा.

कोणासाठी सांगितलं जातंय, हे विसरणं

एलिझाबेथ वाइन यांच्या ‘कोड नेम व्हेरिटी’त (२०१२) १९४३ साली जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पकडलेली ब्रिटिश हेर कबुलीजबाब लिहिते. हाताला लागेल त्या कागदावर, एका ज्यू डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या पानांवरसुद्धा. ते वाचणार आहे गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा अधिकारी. एवढं ध्यानात ठेवलं की तिची लांबण, मैत्रिणीबद्दलचं तिचं भरभरून लिहिणं, सगळ्याचा वेगळाच अर्थ लागायला लागतो. यापेक्षा जास्त सांगत नाही.

स्पॉयलरचं म्हणाल तर ‘वी वेअर लायर्स’ची वेब सिरीज २०२५ मध्ये आली आहे. पुस्तक वाचायचं असेल तर आधी वाचा, ट्रेलरही नंतरच पाहा. आणि वाचून झाल्यावर लगेच पहिली तीस-चाळीस पानं पुन्हा वाचा. पहिल्या खेपेला पेन्सिलीने टिपलेलं तिथे किती बरोबर होतं, ते ताडून पाहता येईल.